मनोरुग्णांच्या गोळ्या मध्येच का सुटतात? गावात फॉलोअप करणाऱ्यांनी सांगावे

उपकेंद्र_पैनगंगा

नमस्कार. उपकेंद्राच्या यादीत मानसिक आजाराचे जे रुग्ण आहेत, त्यातल्या निम्म्याहून जास्त जणांच्या गोळ्या सध्या बंद आहेत. सिझोफ्रेनियाचे (भास, संशय) आहेत, बायपोलरचे (कधी उन्माद, कधी उदासी) आहेत, काही बाया डिप्रेशनच्या. रजिस्टरमध्ये सगळ्यांपुढे कारण एकच लिहिलेले: "रुग्ण औषध घेत नाही" नाहीतर "नातेवाईकांचे दुर्लक्ष". हे कारण झाले का? गोळी बंद आहे हेच फिरवून लिहिले आहे.

घरी गेले की उत्तरे येतात ती अशी: "आता बरा हाय तो." "गोया गरम पडतात." "दिवसभर झोपूनच राह्यते, काम कोन करन?" "कापसाची वेचणी सुरू हाय, जायले फुरसत नाही." "आता दुसऱ्याच रंगाची गोळी देल्ली, थे मानवत नाही." एका घरी माय चहात गोळी कुटून देते, पोराला माहीत नाही.

खरे कारण शोधायचे कसे, आणि कोणत्या कारणावर आशाताई, सिस्टर, सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी) यांच्या हातात नेमके काय आहे, हे हवे आहे. "समुपदेशन करा" हे उत्तर कृपा करून नको, ते करून झाले. चहातल्या गोळीचे काय करावे तेही सांगा.

केसपेपर

ताई, "का सोडली" हा प्रश्न पहिल्या भेटीत विचारूच नका. तो ऐकला की रुग्णाला वाटते आपली झडती सुरू झाली, घरच्यांना वाटते ठपका आपल्यावर येणार, आणि मग तुम्हाला ऐकायला आवडेल असे काहीतरी सांगून मोकळे होतात. "शेवटची गोळी कधी घेतली" असे विचारा. पोळ्याच्या आधी की नंतर? सोयाबीन निघाले होते का? तारीख कोणाला आठवत नाही, सण आणि पीक बरोबर आठवते. औषध सुरू झाल्यापासून किती दिवसांनी सुटले हे कळले की निम्मे कारण हातात येते.

पहिल्या दहा दिवसांत सुटले असेल तर बहुतेक वेळा शरीराला काहीतरी झालेले असते. हॅलोपेरिडॉल, रिस्पेरिडोन या सिझोफ्रेनियात देतात त्या गोळ्यांनी सुरुवातीच्या चार-पाच दिवसांत काही जणांची मान एका बाजूला ओढली जाते, डोळे वर चढतात, जबडा आवळतो, जीभ वळते. तरुण पोरांमध्ये जास्त. गावात याचे दोनच अर्थ लागतात: औषधाने रिअ‍ॅक्शन केली, नाहीतर अंगात आले. पहिला अर्थ बरोबर आहे, पण उपाय पीएचसीतच (प्राथमिक आरोग्य केंद्रात) असतो. प्रोमेथाझिनचे इंजेक्शन स्नायूत दिले की साधारण अर्ध्या तासात मान सरळ होते. गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास असेल तर थांबायचे नाही, गाडी बोलवायची. औषध सुरू होतानाच घरच्यांना "असे झाले तर चिठ्ठी घेऊन लगेच पीएचसीत या" एवढे एक वाक्य सांगून ठेवले तर पुष्कळ गोळ्या वाचतात. हे वाक्य ओपीडीच्या गर्दीत राहून जाते, म्हणून ते तुम्ही सांगा.

याच काळातली दुसरी गोष्ट फसवी आहे. माणसाला एका जागी बसवत नाही, अंगणात येरझारा, उभ्या-उभ्या एका पायावरून दुसऱ्या पायावर. घरचे म्हणतात बिमारी वाढली. कधी डॉक्टरलाही तसेच वाटते आणि डोस वाढतो, मग त्रास दुप्पट. ओळखायला एक प्रश्न पुरतो: "बेचैनी मनात आहे का पायात?" पायात म्हणाला तर बहुतेक ही औषधाची तडफड आहे. डोस कमी करणे किंवा सोबत प्रोप्रानोलॉल देणे हे डॉक्टर ठरवतील (दमा असेल तर ते आधी सांगायचे). पण कळवायचे त्याच दिवशी. या तडफडीत माणसाच्या मनात जीव देण्याचे विचार येऊ शकतात, हे हलक्यात घेऊ नका.

डिप्रेशनच्या बायांचे गणित वेगळे. एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन यांसारख्या गोळ्या आधी त्रास देतात, मग गुण देतात. मळमळ, पोट बिघडणे, थोडी घालमेल पहिल्या आठवड्यात. मन हलके व्हायला दोन ते चार आठवडे. म्हणजे दहा गोळ्यांचा पत्ता संपतो तेव्हा तिच्या खात्यात फक्त त्रास जमा असतो. ती दुसरा पत्ता का आणेल? जेवणानंतर घ्यायला सांगा आणि सातव्या दिवशी नुसता फोन करा. तो एक फोन महिन्याभरानंतरच्या अर्ध्या तासाच्या गृहभेटीपेक्षा जास्त काम करतो.

तिसऱ्या आठवड्यापासून तिसऱ्या महिन्यापर्यंत सुटले असेल तर झोप विचारा. ओलान्झापिन घेणारी बाई रात्री सगळ्यांचे आटोपून साडेदहाला गोळी घेते आणि पहाटे साडेचारला उठून डबे करते. तिचे अंग जड राहणारच. तीच गोळी संध्याकाळच्या जेवणासोबत साडेसात-आठला घेतली तर पहाटेपर्यंत बराच अंमल उतरतो. चिठ्ठीवर १-०-१ (सकाळी एक, रात्री एक) असेल तर "सकाळची गोळी रात्रीत घालता येईल का" एवढे डॉक्टरांना विचारा. पुष्कळ औषधांना चालते.

या मुदतीत पुरुषांचे एक कारण असते ते कोणीच बोलत नाही. काही गोळ्यांनी शरीरसंबंधाची इच्छा किंवा ताकद कमी होते. माणूस आशाताईला हे मेला तरी सांगणार नाही, तो "मानवत नाही" म्हणतो. आरोग्यसेवक भाऊंनी एकट्याला बाजूला घेऊन "काहींना असा त्रास होतो, तुम्हाला आहे का" असे सरळ विचारावे. डोस किंवा औषध बदलता येते.

दोन महिन्यांनंतर सुटले तर "आता बरा आहे" हे उत्तर खरे समजा. सगळे म्हणतात यांना समज नाही. पण त्यांचा हिशेब चुकीचा कुठे आहे? ताप उतरला की गोळी बंद, हे आपणच शिकवले. त्यात गोळी सोडल्यावर लगेच काही बिघडत नाही. उलट सुस्ती जाते, हातपाय मोकळे होतात, माणूस कामाला लागतो. आजार परततो तो काही आठवड्यांनी नाहीतर काही महिन्यांनी, आणि तोवर गोळी सोडल्याची आठवण कोणाला नसते. म्हणून तापाचे उदाहरण सोडा. घरात आजीची बीपीची गोळी चालू असतेच, तीच दाखवा. मुदतही स्पष्ट सांगा: डिप्रेशन पहिल्यांदाच झाले असेल तर बरे वाटू लागल्यानंतर आणखी सहा ते नऊ महिने, सिझोफ्रेनियासारखा आजार पहिल्यांदा झाला तर किमान एक ते दोन वर्षे, वारंवार उलटत असेल किंवा बायपोलर असेल तर बराच जास्त काळ. "जन्मभर घ्यावी लागेल" असे पहिल्याच दिवशी सांगितले तर तो माणूस दुसऱ्या दिवशीच सोडतो.

हा अडाणीपणाचा प्रश्न आहे असे कोणी समजू नये. अमेरिकेतल्या "कॅटी" या मोठ्या अभ्यासात, जो २००५ साली प्रसिद्ध झाला, सिझोफ्रेनियाच्या जवळपास दीड हजार रुग्णांपैकी ७४ टक्के लोकांचे सुरुवातीला दिलेले औषध १८ महिन्यांच्या आत बंद झाले. काहींना गुण नव्हता, काहींना त्रास होता, आणि पुष्कळांनी आपणहून सोडले. तिथे ना वेचणी होती, ना एसटी चुकत होती.

राहिले ते "मला आजारच नाही" म्हणणारे. हा हट्ट नव्हे. आजारामुळे आपण आजारी आहोत हे जाणवण्याची ताकदच कमी होते. त्यांच्याशी वाद घालू नका. "आवाज खोटे आहेत" हे पटवण्यात दोन वर्षे जातील. त्याला जे नको आहे ते धरा: "रात्री झोप येत नाही म्हणतोस ना, त्यासाठी ही गोळी." हे खोटे नाही.

काउंटरच्या_आतून

वरचे सगळे मान्य, पण एक कारण कॅलेंडरमध्येच आहे.

तालुक्याला मनोविकारतज्ज्ञ येतात ते ठरलेल्या वारी, समजा महिन्याच्या पहिल्या मंगळवारी. गोळ्या मिळतात ३०. एका पहिल्या मंगळवारपासून पुढच्या पहिल्या मंगळवारपर्यंत २८ दिवस असतात, नाहीतर ३५. वर्षातून साधारण चार वेळा ही फट ३५ दिवसांची येते, म्हणजे पाच रात्री गोळीच नाही. रुग्णाने काही सोडलेले नसते. पाच दिवस काही झाले नाही म्हणून "गोळी लागत नाही" हे त्याला तिथेच कळते. पुढचा कॅम्प कोणत्या तारखेला आहे ते पाहून गोळ्या मोजून मागा, ३६ लागत असतील तर ३६.

दुसरे, रंग. सरकारी पुरवठ्यात कंपनी बदलली की गोळीचा रंग आणि आकार बदलतो, औषध तेच. संशयाचाच आजार असलेल्या माणसाला पांढरीऐवजी केशरी गोळी दिली तर तो काय समजेल? नवा पत्ता देताना जुन्याचा रिकामा पत्ता समोर ठेवा आणि दोन्हीवरचे औषधाचे नाव बोटाने दाखवा. रिकामे पत्ते फेकू नका, हे घरच्यांना पहिल्या दिवशी सांगा.

तिसरे, जोडगोळी. खाजगीत रिस्पेरिडोन आणि टीएचपी म्हणजे ट्रायहेक्सिफेनिडिल (रिस्पेरिडोनने येणारी थरथर, कडकपणा रोखणारी गोळी) एकाच गोळीत मिळते. सरकारी दवाखान्यात त्या दोन वेगळ्या गोळ्या. खाजगीतून सरकारीत आलेला रुग्ण म्हणतो "डोस डबल केला", आणि एक गोळी बाजूला टाकतो. बहुधा छोटी टाकतो, ती टीएचपी असते. मग हात थरथरतात, चाल कडक होते, लाळ गळते, दोष जातो रिस्पेरिडोनवर आणि तीही बंद होते. हा क्रम इतका ठरलेला आहे की "चालताना हात हलत नाहीत" असे दिसले तर मी आधी टीएचपीचा पत्ता पाहायला सांगेन. उलटही घडते: खाजगीची जोडगोळी शिल्लक असते आणि सरकारीही सुरू होते, दोन्ही मिळून खरेच डबल.

गोळ्या मोजायची रीत: ३ तारखेच्या रात्रीपासून रोज एक, ३० दिल्या. १७ तारखेला दुपारी भेट दिली तर १४ गेल्या, १६ उरायला पाहिजेत. २४ उरल्या असतील तर ८ रात्री चुकल्या. कोणत्या ८, ते विचारा: सलग की अधूनमधून? अधूनमधून चुकल्या असतील तर विसरभोळेपणा, बाजाराचा दिवस, दारू, उपास. सलग असतील तर कोणीतरी ठरवून थांबवल्या आहेत. मोजणी रुग्णासमोर पोलिसासारखी करू नका. "पुढच्या किती आणायच्या ते पाहू" म्हणून पत्ते मागा.

गोळ्या पत्त्यातून काढून डबीत ओतू नका, ओल लागते आणि ओळखही जाते. पत्त्याच्या मागच्या बाजूला पेनाने तारखा लिहा. वाचता न येणाऱ्या घरी भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज कुंकवाचे बोट.

एक दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत. नेहमीचीच पुढे चालू ठेवायची. याला अपवाद क्लोझापिन (सिझोफ्रेनियाची गोळी): ४८ तासांहून जास्त खंड पडला तर जुन्या डोसवर परत सुरू करायचे नाही, ते १२.५ मिलिग्रॅमपासून पुन्हा चढवावे लागते, डॉक्टरांच्या देखरेखीत. लॅमोट्रिजिनचा (बायपोलरमध्ये देतात) खंड पाचेक दिवसांवर गेला तरी आधी विचारायचे.

उपकेंद्र_पैनगंगा

केसपेपर, काउंटर, दोघांचेही आभार. मंगळवारचा हिशेब कधी कोणी सांगितला नव्हता, आणि तो आमच्याकडे लागू पडतो.

दोन गोष्टी राहिल्या. एक, "गरम पडते" हे उन्हाळ्यात फार ऐकू येते, एप्रिलपासून गोळ्या बंद आणि पहिल्या पावसानंतर बिमारी परत. दोन, तरुण मुलींच्या गोळ्या मायबाप अचानक बंद करतात आणि कारण सांगत नाहीत.

ओपीडी_तेरा

"गरम पडते" याला हसू नका. त्यात वैद्यकीय तथ्य आहे, फक्त शब्द वेगळा आहे. मानसिक आजारांवरच्या पुष्कळ औषधांमुळे शरीराचे तापमान सांभाळण्याची यंत्रणा मंदावते, आणि टीएचपीमुळे घाम कमी येतो, तोंड कोरडे पडते, लघवीला अडखळते. चंद्रपूर, अकोल्याच्या मे महिन्यात, पारा ४५ च्या आसपास असताना, घाम न येणारा माणूस भर दुपारी शेतात असेल तर उष्माघाताचा धोका खराच वाढतो. लोकांनी पाहिलेले बरोबर आहे, काढलेला उपाय चुकीचा. गोळी बंद करायची नाही, दुपार बंद करायची: काम सकाळी दहाच्या आत आणि चारनंतर, डोक्याला ओला दुपट्टा, पाणी तहान लागायची वाट न पाहता. मार्चच्या शेवटच्या भेटीत डॉक्टरांना विचारा की टीएचपी अजून लागते का, कमी करता येईल का. पुष्कळांना ती काही महिन्यांनंतर लागत नाही, पण चिठ्ठीवर वर्षानुवर्षे चालत राहते. अंग तापलेले, घाम नाही, बडबड किंवा गुंगी असेल तर सावलीत घेऊन अंगावर पाणी, वारा आणि लगेच दवाखाना. तापासोबत अंग लाकडासारखे कडक असेल तर तो औषधाचाच दुर्मिळ पण जीवघेणा परिणाम असू शकतो. तिथे मात्र पुढचा डोस देऊ नका, सरळ मोठ्या रुग्णालयात न्या.

बायपोलरमध्ये देतात त्या लिथियमवर असलेल्यांची नावे रजिस्टरमध्ये लाल पेनाने लिहा. शरीरातले पाणी आणि मीठ कमी झाले की रक्तातले लिथियम वाढते. हगवण, उलट्या, निर्जळी उपास, रोजा, किंवा बीपीसाठी कोणी मीठ एकदम तोडायला सांगितले, सगळ्यांत धोका तोच. आणि आपल्याकडचा सगळ्यात मोठा धोका म्हणजे अंगदुखीचे इंजेक्शन. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन यांनी लिथियमची पातळी चढते. गावात येणारे खाजगी डॉक्टर विचारत नाहीत आणि रुग्ण सांगत नाही. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल चालते. हात जाड थरथरणे, जुलाब, चाल लटपटणे, बोलणे जड होणे, यातले काही दिसले तर लिथियम थांबवून त्याच दिवशी रक्ततपासणी होईल अशा ठिकाणी पाठवा: जिल्हा रुग्णालय, सेवाग्राम, यवतमाळ-अकोल्याचे मेडिकल कॉलेज, जे जवळ असेल ते. एरवीची नेहमीची तपासणी असेल तर रक्त शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी काढतात. म्हणजे रात्री ९ ला घेतली असेल तर सकाळी ९ ला, आणि सकाळची गोळी रक्त दिल्यानंतर. हे न सांगितल्यामुळे चुकीचे आकडे येतात, "पातळी जास्त आहे" म्हणून डोस उगाच कमी होतो आणि आजार उलटतो. पातळी साधारण ०.६ ते १.० च्या मध्ये हवी.

आता मुलींचे. रिस्पेरिडोन आणि अमिसल्प्राइडमुळे प्रोलॅक्टिन नावाचे संप्रेरक वाढते. पाळी लांबते किंवा थांबते, कधी छातीतून दूध येते. लग्न न झालेल्या पोरीला हे झाले तर घरात काय वादळ उठते ते तुम्हाला माहीत आहे. मायबाप गोळीही बंद करतात आणि तोंडही बंद करतात, पोरीवर संशय घेतला जातो तो वेगळाच. म्हणून हे औषध सुरू होतानाच, आईला आणि मुलीला, बापाला खोलीबाहेर ठेवून सांगा: "पाळी मागेपुढे होऊ शकते, ते गोळीमुळे असते, औषध बदलता येते, आम्हाला कळवा." विवाहितेची पाळी चुकली तर मात्र गोळीवर ढकलू नका, लघवीची तपासणी आधी. सोडियम व्हॅल्प्रोएट (हेही बायपोलरचे औषध) घेणाऱ्या, मूल होण्याच्या वयातल्या प्रत्येक बाईबद्दल डॉक्टरांशी आजच बोला, कारण त्याने बाळाच्या मणक्यात आणि मेंदूत दोष राहू शकतो. ठरवून, दुसरे औषध लावून बदलायचे असते. दिवस गेल्याचे तीन महिने झाल्यावर कळले आणि घरच्यांनी सगळेच एकदम फेकले, असे होऊ नये.

चहातल्या गोळीबद्दल. रिस्पेरिडोनचे द्रव औषध चहात किंवा कोलासारख्या पेयात टाकू नये असे त्याच्या माहितीपत्रकातच असते, चहाशी त्याचे जमत नाही. "एसआर" किंवा "सीआर" लिहिलेल्या लिथियम, व्हॅल्प्रोएटच्या गोळ्या कुटल्या की दिवसभरात हळूहळू सुटायचे औषध एकदम सुटते. आणि अर्धा चहा कपात राहिला तर डोस किती गेला ते कोणालाच कळत नाही. डॉक्टर समजतात गोळीने गुण येत नाही, डोस वाढवतात.

पऱ्हाटी

डॉक्टरसाहेब, चहाचे रसायनशास्त्र बरोबर, पण त्या मायचे पुढचे पाऊल काय? तिने उद्या चहा बंद केला तर पोराचे औषध एकदम बंद होते. त्याला कळले तर तो घरचे अन्नच सोडेल. "माझ्या जेवणात काहीतरी टाकतात" हा त्याचा संशय होता, आणि तो तिने खरा करून दाखवला. या दोन्हीच्या मधून वाट काढायची आहे.

माय ओरडा खाण्याच्या भीतीने लपवते, म्हणून तिला आधी बिलकुल बोलू नका. कोणती गोळी, किती, कधीपासून, रोज जाते का, हे तिच्याकडून लिहून घ्या. तो कागद घेऊन तिला एकटीलाच पुढच्या ओपीडीला न्या किंवा १४४१६ वर, टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनवर, फोन लावून द्या, तिथे मराठीत बोलता येते. मग मुलासमोर गोळी उघडपणे ठेवायची, पण "घे की नको" असे विचारायचे नाही. "रात्री घेशील का सकाळी", "रोजची गोळी पाहिजे का महिन्याचे इंजेक्शन" असे. पुष्कळ जण इंजेक्शन निवडतात, कारण रोज सकाळ-संध्याकाळ आईशी होणारे भांडण संपते. दारू सोडवायची पुडी मात्र कोणाच्याही भाजीत कधीच नाही. डायसल्फिराम न सांगता दिले आणि तो प्यायला तर जीवावर बेतते.

इंजेक्शन म्हणजे फ्लुफेनाझिन डेकॅनोएट २५ मिलिग्रॅम, दोन ते चार आठवड्यांनी, किंवा हॅलोपेरिडॉल डेकॅनोएट ५० मिलिग्रॅम, चार आठवड्यांनी. डोस तज्ज्ञ ठरवतील, पहिला छोटा देतात. सिस्टर, हे तिळाच्या तेलातले असते: सिरिंज आणि सुई अगदी कोरडी, २१ नंबरची, कुल्ल्यात खोल, हळू, आणि नंतर चोळायचे नाही. गाठ आली की रुग्ण पुढच्या वेळी येत नाही. सुरुवातीच्या काही आठवड्यांत गोळ्याही चालू ठेवायला सांगतात. "इंजेक्शन घेतले, आता गोळी कशाला" इथे पुष्कळ जण घसरतात.

आता पैशाचे, ते कोणी नीट मोजले नाही. गोळी फुकट असते, पण ती आणायला रुग्णासोबत एक माणूस जातो. दोघांची मजुरी आणि दोघांचे भाडे. वेचणी किलोवर असते, भर हंगामातला एक दिवस म्हणजे घरातला सगळ्यात महाग दिवस. गडचिरोली-चंद्रपूरकडची माणसे मिरची तोडायला तेलंगणात जातात ती महिना-दोन महिने येतच नाहीत. यावर उपदेश चालत नाही, तारीख सरकवावी लागते. तब्येत स्थिर असेल तर घरच्यांच्या हाती केसपेपर पाठवून गोळ्या मिळतील का, जाण्याआधी दोन महिन्यांच्या मिळतील का, हे हंगाम सुरू होण्याच्या आधी, म्हणजे दसऱ्याच्या आत विचारून ठेवा. सोबत माय गेली तर एसटीत अर्धे तिकीट लागते. मानसिक आजाराचेही दिव्यांग प्रमाणपत्र २०१६ च्या कायद्याने मिळते, ४० टक्के किंवा जास्त असेल तर रुग्णाला प्रवासात सवलत बसते. आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात उपचार हा हक्क म्हणून लिहिला आहे. गोळ्यांचा साठा संपला असेल तर पीएचसीच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना लेखी द्या आणि पोच घ्या. तोंडी सांगितलेले कोणत्याच मागणीपत्रात चढत नाही.

लग्न. "लग्न करून देल्लं का बरी होते" हे अजून आहे. पोरगी सासरी जाते आणि गोळ्या माहेरच्या ट्रंकेत राहतात. सासरच्यांसमोर घ्यायच्या कशा? हळदीच्या जागरणात झोप जाते, गोळी जाते, आणि झोप गेली की आजार परतायला तेच दार. लग्न ठरल्याचे कळले की माहेरच्या आशाताईने तिला विचारून, तिच्या परवानगीने, सासरच्या गावात गोळी कुठून मिळेल ते आधी ठरवावे. निदान नवऱ्याला तरी सांगायला तिला मदत करावी. लपवलेली गोळी फार दिवस चालत नाही.

भगताकडे जाणाऱ्यांना "एक तर तो, नाहीतर आम्ही" असे म्हणू नका, ती निवड आपल्याविरुद्ध जाते. अंगारा लावा, गोळीही घ्या, एवढेच. पण भूत उतरवायच्या नावाखाली मारणे, चटके देणे, साखळीने बांधणे हे २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, तिथे गप्प बसायचे नाही. काही भगत "गोळी बंद केली तरच माझा गुण येतो" म्हणतात. त्याच्याकडे जाऊन बोला, काही ऐकतात.

केसपेपर

पऱ्हाटीताईंच्या दारूच्या मुद्द्याला जोड. बाजाराच्या दिवशी पिऊन आला की घरचे "आज गोळी नको" म्हणतात. आठवड्यातून दोनदा असे झाले की महिन्यात आठ गोळ्या गेल्या. क्लोनाझेपामसारखी झोपेची गोळी दारूसोबत धोक्याची आहे, तीच कुठली आणि पिलेल्या रात्री बाकीच्यांचे काय करायचे, हे डॉक्टरांकडून चिठ्ठीवर लिहूनच घ्या. घरच्यांना अंदाज करायला लावू नका.

आणि बिडी. बिडी-सिगारेटच्या धुरामुळे ओलान्झापिन, क्लोझापिन शरीरातून लवकर निघून जातात, म्हणून "गोळी लागत नाही" वाटते. चघळायच्या खर्ऱ्याने तसे होत नाही, कारण हे काम धुराचे आहे, तंबाखूचे नव्हे. रुग्णाने बिडी एकदम सोडली तर उलट गोळी चढते. क्लोझापिनवाला असेल तर लगेच कळवा.

उपकेंद्र_पैनगंगा

रजिस्टरमधला "कारण" हा रकाना आता रेघ मारून तीन करत आहे: शेवटची गोळी केव्हा (सण किंवा पीक), आज किती उरल्या आणि किती उरायला हव्या होत्या, आणि गोळी सुटली त्या आठवड्यात शरीराला काय झाले. चहावाल्या मायकडे सोमवारी जायचे ठरले आहे, एकटीला भेटून.

ओपीडी_तेरा

चौथा रकाना ठेवा, मागच्या तीन रात्री किती तास झोप झाली. बायपोलर आणि सिझोफ्रेनिया दोन्हीत पुष्कळदा पहिली खूण तीच असते. सलग दोन रात्री डोळा लागला नाही असे घरच्यांनी सांगितले तर पुढच्या मंगळवारची वाट पाहू नका.